अमेरिकेत पहिल्या वर्षी आपली तुकडी मिळवायची कशी

अकरावीला प्रवेश मिळाला की तुकडी आपोआप मिळते. सकाळपासून दुपारपर्यंत तीच खोली, तेच साठ-सत्तर चेहरे. इंजिनियरिंगला गेलं तर डिव्हिजन आणि तिच्यातली वीसेक जणांची प्रॅक्टिकलची बॅच, तीही कॉलेजच लावून देतं. तुम्ही कितीही अबोल असलात तरी आठवड्याभरात शेजारच्याचं नाव कळतं आणि तास बुडला तर वही कुणाची मागायची हेही कळतं.

बारावीनंतर थेट अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात बी.एस. किंवा बी.ए.ला जाणाऱ्या मुलाला यातलं काहीच आयतं मिळत नाही. तिथे वर्ग नसतो, विषय असतात. प्रत्येक जण आपलं वेळापत्रक आपण जुळवतो. साडेनऊच्या रसायनशास्त्राला एका सभागृहात तीनशे जण बसतात, साडेअकराच्या गणिताला दुसरेच दोनशे, आणि दुपारच्या निबंधलेखनाला तिसरेच वीस. हजेरी बहुतेक मोठ्या व्याख्यानांना घेत नाहीत, त्यामुळे तुम्ही आला नाहीत हे कुणाला जाणवतही नाही. पहिल्या सहामाहीत मुलं खचतात ती पुष्कळदा विषय जड म्हणून नाही, तर अडलं की विचारायला माणूसच नाही म्हणून.

यावर तिथल्या विद्यापीठांनी काढलेला उपाय म्हणजे फर्स्ट-इयर इंटरेस्ट ग्रुप. तिथे सगळे त्याला नुसतं ‘फिग’ म्हणतात. साधारण वीस-पंचवीस नव्या विद्यार्थ्यांचा गट, दोन ते चार विषय एकत्र, आणि त्याला जोडून आठवड्याला एक छोटं सेमिनार. म्हणजे तीनशेच्या व्याख्यानात तुमची वीस माणसं ओळखीची असतात, आणि दुपारी तीच माणसं पुन्हा भेटतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही मागून घेतलेली तुकडी. मागितली नाही तर मिळत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहोत.

ओरेगन विद्यापीठात हे गट 1982 पासून आहेत. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ते 1987 मध्ये आले, मिझुरीत 1995 मध्ये, विस्कॉन्सिन-मॅडिसनमध्ये 2001 मध्ये. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्येही आहेत. नाव एक असलं तरी घडण वेगवेगळी. मॅडिसनला साधारण वीस जणांचं मुख्य सेमिनार प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि बाकीचे दोन विषय त्याला पूरक असतात. सिअ‍ॅटलला सेमिनार वरच्या वर्गातला, त्यासाठी तयार केलेला विद्यार्थी घेतो. ऑस्टिनला विद्यार्थी-मार्गदर्शकाबरोबर विद्यापीठाचा एक कर्मचारीही असतो. मिझुरीत तर गटातली मुलं वसतिगृहात एकाच ठिकाणी राहतात. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात याच गोष्टीला ‘लर्निंग कम्युनिटी’ म्हणत असतील. फिग हा शब्द सापडला नाही तर ‘लर्निंग कम्युनिटी’ शोधा. कल्पना मात्र बरीच जुनी आहे. 1927 ते 1932 या काळात अलेक्झांडर मायकलजॉन यांनी मॅडिसनलाच ‘एक्स्पेरिमेंटल कॉलेज’ चालवलं होतं. मुलं एकत्र राहायची, सगळी मिळून पहिलं वर्ष प्राचीन अथेन्स आणि दुसरं वर्ष अमेरिका अभ्यासायची.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. फिग पदवीच्या पहिल्या वर्षाला नव्याने येणाऱ्यांसाठी असतं, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच सत्रापुरतं. एम.एस.ला जाणाऱ्यांना ते मिळत नाही.

गट निवडताना

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उन्हाळ्यात गटांची यादी लागते. प्रत्येक गटाला आकर्षक शीर्षक असतं: आरोग्य, हवामान, चित्रपट, उद्योजकता. शीर्षकावर जाऊ नका. शीर्षक बहुधा फक्त सेमिनारपुरतं असतं आणि तुमचा खरा वेळ जाणार असतो जोडलेल्या मोठ्या विषयांत. म्हणून यादी उघडली की आधी खालची ओळ वाचा: कोणते विषय, किती क्रेडिट (म्हणजे पदवीच्या हिशेबात त्या विषयाचं वजन), कोणत्या वारी, किती वाजता.

मग तीन प्रश्न विचारा. हे विषय माझ्या पदवीच्या आराखड्यात मोजले जातात का? प्रत्येक विभागाचा आराखडा संकेतस्थळावर असतो, तो शेजारी उघडून एकेक विषय ताडून बघा. एपी किंवा आयबी या परदेशी अभ्यासक्रमांच्या परीक्षांतल्या गुणांवर यातला एखादा विषय मला आधीच मिळालेला आहे का? असेल तर तोच विषय पुन्हा घेऊन क्रेडिट दुसऱ्यांदा मिळत नाही. बोर्डाच्या किंवा सीबीएसईच्या बारावीवर सहसा क्रेडिट देत नाहीत, त्यामुळे बहुतेकांना हा प्रश्न येत नाही. आणि तिसरा: यातल्या गणितासाठी माझी पात्रता झाली आहे का?

हा तिसरा प्रश्न सर्वांत जास्त मुलांना नडतो. गणिताचा विषय घेण्याआधी प्लेसमेंट, म्हणजे तुमची पातळी ठरवणारी, चाचणी द्यावी लागते. अनेक विद्यापीठं ‘अ‍ॅलेक्स’ ही ऑनलाइन चाचणी वापरतात. तीत तीसपर्यंत प्रश्न येतात, बहुतेक प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः भरायचं असतं, आणि मागच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो. बारावीला गणित घेतलेला मुलगा इथे सहज पार व्हायला हवा. तरी होत नाही, कारण सीईटी-जेईई संपून तीन महिने झालेले असतात, डोक्यात इंटिग्रेशन ताजं असतं आणि चाचणीत विचारतात लॉगॅरिदमचे नियम, परिमेय राशींची सोपी रूपं, त्रिकोणमितीतली मूल्यं. दहावी-अकरावीचं गणित चार दिवस उजळून मगच बसा. गुण कमी पडले तर कॅल्क्युलसऐवजी प्रीकॅल्क्युलसला बसवतात, आणि मग कॅल्क्युलस असलेले विज्ञानाचे सगळे गट तुमच्यासाठी बंद होतात.

आमच्या मते नव्या मराठी विद्यार्थ्याला सर्वांत चांगली जोडी म्हणजे एक अवाढव्य विज्ञान-व्याख्यान आणि एक लेखनाचा छोटा वर्ग. मोठ्या व्याख्यानात सोबत लागते म्हणून पहिलं. दुसरं अशासाठी की आपल्याकडे बारावीपर्यंत स्वतःचं म्हणणं मांडणारा, पुराव्यानिशी लिहिलेला चार पानी निबंध क्वचितच लिहून घेतात. तिथे तो पहिल्याच महिन्यात मागतात, आणि कच्चा खर्डा एकमेकांना वाचायला द्यावा लागतो. तो ओळखीच्या माणसाला देणं सोपं जातं. याउलट कॅल्क्युलस, रसायनशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग असे तिन्ही जड विषय एकाच गटात असतील तर तो सोडा. पहिल्या सत्रात नवा देश, नवं हवामान आणि स्वतःचे कपडे स्वतः धुणंही शिकायचं असतं.

पाच-सहा गट पसंतीक्रमाने कागदावर लिहून ठेवा. एकच ठरवून बसलात आणि तो भरला, तर नोंदणीच्या वेळी घाईत काहीतरी भलतंच घेतलं जातं.

बाराचा हिशेब

एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याला दर सत्रात निदान 12 क्रेडिट घ्यावे लागतात. आता सिअ‍ॅटलचा एक साचा डोळ्यांसमोर ठेवा. केम 142, म्हणजे सामान्य रसायनशास्त्र, 5 क्रेडिट. मॅथ 124, म्हणजे पहिलं कॅल्क्युलस, 5 क्रेडिट. जनरल स्टडीज 199, म्हणजे गटाचं सेमिनार, 2 क्रेडिट. बेरीज बरोब्बर 12. कागदावर सगळं ठीक दिसतं. पण पाचव्या आठवड्यात कॅल्क्युलस झेपेना म्हणून सोडलं, तर उरतात 7. व्हिसाच्या दृष्टीने हे गंभीर आहे: आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी परवानगी न घेता 12 च्या खाली गेलं तर विद्यार्थी म्हणून तुमचा दर्जाच धोक्यात येतो.

म्हणून गटाबाहेरचा आणखी एक विषय, 3 ते 5 क्रेडिटचा, पहिल्या दिवसापासून घ्या. तो प्रत्यक्ष वर्गातला हवा. पूर्ण ऑनलाइन असलेल्या विषयांपैकी एका सत्रात एकच, तोही 3 क्रेडिटपर्यंतच, या बारात धरतात. शिवाय बहुतेक ठिकाणी गट ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशा अटीवर देतात. एक विषय सोडला तर बाकीच्या राखीव जागाही जाऊ शकतात. सोडायचं झालंच तर आधी सल्लागाराला ईमेल, मग आंतरराष्ट्रीय कार्यालयाला, आणि दोघांची उत्तरं आल्यावरच बटण दाबायचं.

नोंदणीचा दिवस

गटाची नोंदणी ओरिएंटेशनच्या वेळी होते. मॅडिसनला उन्हाळ्यातल्या या कार्यक्रमाला ‘सोअर’ म्हणतात. तारखा अनेक असतात आणि लवकर आलेल्यांना जागा जास्त मिळतात. परदेशी विद्यार्थी मात्र व्हिसाच्या नादात शेवटची तारीख घेतात. एफ-1 वर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवसांपेक्षा आधी देशात जाताही येत नाही. म्हणून ऑनलाइन ओरिएंटेशनची सोय असेल तर सगळ्यांत आधीची तारीख धरा. व्हिसाची मुलाखत बाकी असली तरी थांबू नका, विद्यापीठाकडून खातं आणि पासवर्ड आला की पुरतं.

वेळेचा घोळ टाळा. उन्हाळ्यात सिअ‍ॅटल आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, मॅडिसन आणि ऑस्टिन साडेदहा तास. सिअ‍ॅटलच्या सकाळी 8 वाजता इथे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. जुलैच्या पावसात वीज जाणार हे धरूनच चाला: लॅपटॉप पूर्ण चार्ज, फोनवर हॉटस्पॉट तयार, आणि पसंतीक्रमाचा कागद समोर.

आदल्या आठवड्यात खात्यावर ‘होल्ड’ लागलेला नाही ना हे तपासा. होल्ड असेल तर नोंदणी होतच नाही. सगळ्यांत जास्त फसवतो तो लसीचा होल्ड. अनेक विद्यापीठं गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात, आणि पहिल्या वाढदिवसाआधी घेतलेली मात्रा धरत नाहीत. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात टोचतात. लसीकरणाच्या कार्डावर दोन नोंदी दिसतात, घरचे निर्धास्त असतात, आणि तिकडून एक नोंद बाद होऊन येते. दोन मात्रांत किमान 28 दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे हे जूनमध्येच बघायला हवं. कार्डावरच्या तारखा वाचता येत नसतील तर डॉक्टरांकडून विद्यापीठाच्या फॉर्मवर पुन्हा लिहून, सही-शिक्का घेऊन अपलोड करा.

आता प्रत्यक्ष नोंदणी. काही ठिकाणी गटाचा एकच क्रमांक टाकला की सगळे विषय येतात. काही ठिकाणी प्रत्येक विषयाचा राखीव सेक्शन वेगळा भरावा लागतो, आणि चूक होते ती इथे. रसायनशास्त्राचं व्याख्यान ‘ए’ सगळ्या तीनशे जणांना एकच असतं, पण त्याच्याखाली वीस-पंचवीस जणांचे छोटे सेक्शन असतात: ‘एए’, ‘एबी’, ‘एसी’ असे. तुमच्या गटाला ‘एसी’ राखीव असेल आणि तुम्ही वेळ बरी वाटली म्हणून ‘एबी’ घेतलात, तर वेळापत्रकावर विषय बरोबर दिसतो, यंत्रणा काही तक्रार करत नाही, आणि सप्टेंबरमध्ये तुम्ही अनोळखी लोकांत जाऊन बसता. नोंदणी झाली की गटाच्या यादीतले सेक्शन आणि तुमच्या वेळापत्रकातले सेक्शन अक्षर-अक्षर जुळवून बघा. प्रयोगशाळेचा सेक्शन विसरू नका. सेमिनारही आपोआप आलं असं समजू नका.

आणखी एक बघा: एक तास संपून दुसरा सुरू होण्यात दहाच मिनिटं असतील, तर दोन्ही इमारती नकाशावर शोधा. या परिसरांत दहा मिनिटांत प्रत्येक ठिकाणी पोचता येत नाही.

पहिले तीन आठवडे

गट कागदावर मिळाला तरी ओळखी आपल्यालाच कराव्या लागतात. पहिल्या आठवड्यात सगळेच बावरलेले असतात, म्हणून बोलणं सर्वांत सोपं तेव्हाच. चौथ्या आठवड्यानंतर जोड्या ठरून जातात.

नावापासून सुरुवात करा. ज्ञानेश, प्राजक्ता, हृषीकेश ही नावं तिकडच्या जिभेला अवघड जातात, आणि ‘ज्ञ’ आपण इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो तेव्हा वाचणारा पहिल्याच अक्षराला अडखळतो. तो नाव घ्यायचंच टाळतो आणि पर्यायाने तुम्हालाही टाळतो. नाव तोडून दोनदा सांगा, हवं तर घरचं छोटं नाव द्या, पण जे सांगाल ते पहिल्या भेटीतच ठामपणे. समोरच्याचंही नाव नीट ऐकू आलं नाही तर लगेच पुन्हा विचारा. गट चालवणाऱ्या विद्यार्थ्याला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारायची, ‘सर’ म्हटलं तर तो संकोचतो. प्राध्यापकांना मात्र त्यांनी स्वतः वेगळं सांगेपर्यंत ‘प्रोफेसर’ आणि आडनाव.

पहिल्या सेमिनारला सगळ्यांचा मिळून एक चॅट-ग्रुप बनतो, बहुधा ग्रुपमी किंवा डिस्कॉर्डवर. कुणी बनवत नसेल तर तुम्ही बनवा. व्हॉट्सअ‍ॅपचा आग्रह धरू नका, तिथल्या पुष्कळ मुलांकडे ते नसतं. मोठ्या व्याख्यानात बसायची जागाही ठरवून टाका. ‘डावीकडे, पुढून पाचवी रांग’ एवढं जरी ग्रुपवर टाकलं तरी सोमवारपासून चार जण तिथे येऊन बसतात.

पुण्या-मुंबईहून तुमच्याबरोबर आलेला मित्र असेल तर दोघांनी शक्यतो वेगवेगळे गट घ्यावेत, असं आम्ही आवर्जून सांगतो. एकाच गटात असलात की तास संपताच दोघे मराठीत बोलू लागता. ते स्वाभाविक आहे, त्यात चूक काही नाही. पण उरलेले अठरा जण समजतात की या दोघांचं आपसांत बरं चाललंय. मित्र संध्याकाळी जेवायला भेटतोच.

अभ्यासाला बसायचं कसं

वीस जणांत अभ्यास होत नाही. दुसऱ्या आठवड्यात चार जणांची टोळी करा. तीन चालतील, पाच शेवटची मर्यादा. सहा झाले की दोघं फक्त ऐकत बसतात.

चौघांची मैत्री असलीच पाहिजे असं नाही, पण मोकळा वेळ जुळला पाहिजे. सर्वांची वेळापत्रकं एका कागदावर मांडून आठवड्यात दीड तासाच्या दोन वेळा काढा आणि जागा तिथल्या तिथे ठरवा. ‘भेटू कधीतरी’वर टोळ्या मोडतात. ग्रंथालयात फळा असलेल्या खोल्या ऑनलाइन राखून ठेवता येतात. सिअ‍ॅटलला ओडेगार्ड, ऑस्टिनला पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयात बघा. परीक्षेच्या आठवड्यात त्या आधीच भरतात. वसतिगृहाची खोली नको. तिथे पलंग असतो.

बसण्याची पद्धत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात झालेल्या एका निरीक्षणातून समजते. 1970 च्या दशकात युरी ट्राइसमन यांनी तिथल्या कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. कृष्णवर्णीय मुलं सांगितल्याप्रमाणे आठवड्याला साधारण आठ तास अभ्यास करत, पण एकटी, आणि मागे पडत. चिनी वंशाची मुलं आठ ते दहा तास एकटी बसत आणि मग संध्याकाळी एकत्र येऊन गणितं ताडून बघत. आठवड्याचे होत सुमारे चौदा तास. कुणाचं उत्तर वेगळं आलं की चूक कुठे झाली ते तिथेच सापडे, आणि एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते खरंच अवघड आहे, आपण मठ्ठ नाही, हेही कळे. यावरून ट्राइसमन यांनी बर्कलीत गटाने गणित सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. पुढे ते ऑस्टिनला प्राध्यापक झाले.

यातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी एकट्याने, मग सगळ्यांनी. भेटीला येण्याआधी प्रत्येकाने निदान दोन तृतीयांश गणितांवर स्वतः झटापट केलेली असावी, सुटली नाहीत तरी चालतील. पहिली दहा मिनिटं: कुणाचं कशावर अडलंय, फळ्यावर फक्त क्रमांक लिहा. पुढचा तासभर: ज्याला गणित सुटलं नाही त्याने खडू किंवा पेन हातात घ्यायचा आणि ज्याला सुटलं त्याने फक्त प्रश्न विचारायचे. हे उलटं वाटतं, पण हुशार मुलगा फळ्याशी गेला की बाकीचे उतरवून घेतात आणि परीक्षेत कोरे राहतात. शेवटची वीस मिनिटं फळा पुसा, आणि प्रत्येकाने एक गणित कुठेही न बघता पुन्हा सोडवा. ते सुटलं नाही तर अजून समजलेलं नाही.

कुणी दोनदा तयारी न करता आला तर तिसऱ्या वेळी आधीच विचारा, ‘पहिली पाच झाली का? नसतील तर आज ती करून घे, गुरुवारी ये.’ भिडेखातर गप्प राहिलात तर महिन्याभरात चौघंही तयारी न करता येऊ लागतात. आपल्याला हे बोलणं जड जातं. तिथल्या मुलांना त्यात वावगं वाटत नाही, सरळ बोललेलं त्यांना बरं वाटतं.

सिअ‍ॅटलला सत्र म्हणजे ‘क्वार्टर’, शिकवणं जेमतेम दहा आठवड्यांचं. पहिली मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येऊन ठेपते. सेमिस्टरवाल्यांना थोडी उसंत मिळते, एवढाच फरक. प्राध्यापकांच्या ऑफिस अवरला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी त्यांनी राखलेल्या वेळेला, दुसऱ्याच आठवड्यात जा, दोघं-तिघं मिळून. ‘समजलं नाही’ असं म्हणू नका. अर्धवट सोडवलेलं गणित समोर ठेवा आणि ‘या ओळीपर्यंत आलो, पुढे काय चुकतंय?’ असं विचारा. संध्याकाळी शिकवणी केंद्रंही उघडी असतात. सिअ‍ॅटलला ‘क्लू’ आणि ऑस्टिनला सँगर केंद्र आहे. टोळी अडली की सगळे मिळून तिथे जाऊन बसा.

मदत कुठे संपते आणि उतरवणं कुठे सुरू होतं

हा भाग नीट वाचा. आपल्याकडे जर्नल एकमेकांचं बघून पुरं करतात, शिक्षकांनाही ते ठाऊक असतं आणि सही मिळते. तिथे हाच गुन्हा धरतात. परिणाम शून्य गुणांपासून विषयात नापास होण्यापर्यंत आणि पुन्हा घडलं तर निलंबनापर्यंत जातो. निलंबन म्हणजे एफ-1 विद्यार्थ्याला देशात राहण्याचाच प्रश्न.

प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रम-पत्रिकेत सहकार्याविषयी एक परिच्छेद असतो. तो पहिल्या दिवशी चौघांनी एकत्र वाचा, कारण नियम विषयागणिक बदलतो. गणिताच्या घरच्या अभ्यासावर चर्चा सहसा चालते, पण लिहायचं ज्याचं त्याने. प्रोग्रॅमिंगमध्ये पुष्कळदा दुसऱ्याचा कोड डोळ्यांनी बघणंही चालत नाही. सारखेपणा शोधणारं ‘मॉस’सारखं सॉफ्टवेअर वापरतात; चलांची नावं बदलली, ओळी मागेपुढे केल्या तरी ते पकडतं. प्रयोगातल्या नोंदी जोडीदाराबरोबर समाईक असू शकतात, अहवालातली वाक्यं नाही. गेल्या वर्षीचा अहवाल कुणी ग्रुपवर टाकला तर उघडू नका, आणि ‘हे काढून टाक’ असं तिथेच लिहा. चॅटमध्ये उत्तरं फिरली तर गप्प बसलेल्यांनाही जाब द्यावा लागतो.

सोपी सवय अशी लावा: टोळीत फळ्यावर काम करा, उठताना फळ्याचा फोटो काढू नका, आणि खोलीवर जाऊन रिकाम्या कागदावर लिहा. जे आठवलं तेवढंच तुमचं. नियमाबद्दल शंका असेल तर प्राध्यापकांना ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

जागा मिळाली नाही तर

प्रतीक्षायादीत नाव घाला आणि सत्र सुरू होईपर्यंत रोज एकदा बघा. व्हिसा न मिळाल्याने, बेत बदलल्याने ऑगस्टमध्ये जागा सुटतात. तरीही जमलं नाही तर तुकडी हाताने बांधता येते. वसतिगृहात रूममेट ठरला की त्याला किंवा तिला विचारून निदान एका मोठ्या विषयाचा छोटा सेक्शन एकच घ्या. ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ शोधा: ज्या विषयात जास्त मुलं अडतात त्याच्या आठवडी बैठका, तोच विषय चांगल्या गुणांनी पार केलेला विद्यार्थी घेतो. ही पद्धत 1973 मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी परिसरात सुरू झाली आणि आज पुष्कळ विद्यापीठांत चालते. या बैठकींना ऐच्छिक म्हणून टाळतात, पण तिथे नेमाने येणारे दहा-बारा जण हीच तुमची टोळी होऊ शकते.

गट मिळालेल्यांनाही हे काम पुढे करावंच लागतं, कारण सत्र संपलं की फिग संपतं. सिअ‍ॅटलला जानेवारीच्या सत्राची नोंदणी नोव्हेंबरमध्येच उघडते. त्याआधीच्या भेटीत चौघांनी पुढचे विषय मांडून एक सेक्शन ठरवा. नोंदणीची वेळ प्रत्येकाची वेगळी असते, जमलेल्या क्रेडिटप्रमाणे. एपीची क्रेडिट घेऊन आलेल्याला आधी मिळते. त्यामुळे आधीची वेळ असलेल्याने सर्वांत मागाहून येणाऱ्याचा विचार करायचा: जिथे दोनच जागा उरल्या आहेत तो सेक्शन कितीही सोयीचा असला तरी सोडायचा, आणि जिथे आठ-दहा रिकाम्या आहेत तो घेऊन लगेच ग्रुपवर त्याचा क्रमांक टाकायचा.